भूपृष्ठ तरंग

प्रक्षेपकाच्या मनोऱ्यापासून निघून जमीन किंवा पाणी यांच्या पृष्ठभागाला धरून पुढे सरकणारे रेडिओ तरंग. दिवसा मध्यम लहरींवर आकाशवाणी ऐकू येते ती यांच्याच जोरावर. वर गेलेले तरंग तेव्हा आयनांबराच्या खालच्या थरात शोषले जातात.

तरंग पुढे सरकताना जमिनीत विद्युतप्रवाह निर्माण करतो आणि जमिनीच्या रोधामुळे त्याची ऊर्जा खर्ची पडते. आडवे विद्युतक्षेत्र तर जमीन जवळपास पुसूनच टाकते. म्हणून मनोरा उभा असतो आणि त्याच्या पायथ्याभोवती तांब्याच्या तारा चाकाच्या आऱ्यांसारख्या पुरलेल्या असतात.

तरंग किती दूर जाईल हे बऱ्याच अंशी जमिनीच्या वाहकतेवर ठरते. समुद्राच्या पाण्याची वाहकता मीटरला सुमारे ५ सीमेन्स, चांगल्या ओलसर मातीची ०.०१ ते ०.०३, तर कोरड्या खडकाळ जमिनीची ०.००१ किंवा त्याहून कमी. गोड्या पाण्याचा तलाव समुद्राची सर करू शकत नाही. क्षार नाहीत, तर वाहकताही बेताचीच. १ मेगाहर्ट्‌झचा तरंग समुद्रात जेमतेम २२ सेंटिमीटर शिरतो, ओलसर मातीत मात्र सुमारे ५ मीटर. त्यामुळे वरची माती भिजलेली दिसली तरी तिच्याखाली वीतभरावर काळा कातळ असेल, तर हिशेब कातळाचाच धरावा लागतो. कंप्रता वाढली की व्ययही वाढतो. ‘एफएम’ला हा मार्ग जवळजवळ बंदच.

मार्गात जमीन आणि समुद्र दोन्ही आले, तर एक चमत्कारिक गोष्ट घडते. जमिनीवरून क्षीण होत आलेला तरंग किनारा ओलांडताच काही अंतर पुन्हा सबळ होतो. ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही. जमिनीवर असताना पृष्ठभागालगतचे क्षेत्र दबलेले असते, उंचावरची ऊर्जा समुद्रावर खाली पसरते. अशा मिश्र मार्गाचे गणित मिलिंग्टन यांनी १९४९ मध्ये मोठ्या युक्तीने सोडवले: दोन्ही टोकांकडून स्वतंत्र हिशेब करायचा आणि येणाऱ्या क्षेत्रतीव्रतांचा भूमितीय मध्य घ्यायचा. सैद्धांतिक पाया झोमरफेल्ट यांनी १९०९ मध्येच घातला होता. पण अभियंत्यांच्या रोजच्या कामाला मिलिंग्टन यांची रीत अधिक सोयीची.

प्रक्षेपकाची शक्ती दुप्पट केली तरी क्षेत्रतीव्रता सुमारे १.४ पटच होते. म्हणून नव्या केंद्रासाठी आधी जागा पारखावी. खारट, दलदलीची मिळाली तर उत्तम.