ऑर्गनवादनाचे शिक्षण, मराठी रंगभूमीवरील
मराठी संगीत नाटकाच्या साथीस जो ऑर्गन वाजविला जातो, तो चर्चमधील नळ्यांच्या ऑर्गनहून वेगळा असून धातूच्या पत्त्यांवर व पायभात्यावर चालणारे वाद्य आहे. पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँ याने १८४० च्या सुमारास सिद्ध केलेल्या हार्मोनियमशी त्याचे जवळचे नाते आहे. हार्मोनियममध्ये हवा पत्त्यांतून बाहेर ढकलली जाते. अमेरिकन धाटणीच्या ऑर्गनमध्ये ती पत्त्यांतून आत ओढली जाते. त्यामुळे त्याचा स्वर अधिक मृदू व घुमारदार येतो.

पुण्यात स्वारगेटच्या उत्तरेस पसरलेल्या जुन्या पेठांशी या वाद्याच्या मराठी इतिहासाचा निकट संबंध आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतलाचा पहिला प्रयोग १८८० मध्ये पुण्यातील आनंदोद्‌भव नाट्यगृहात झाला, तेव्हा साथीस सारंगी व तबला ही वाद्ये होती. पुढे पायपेटी व ऑर्गन यांनी सारंगीच्या जोडीने, आणि कालांतराने तिच्या जागी, स्थान मिळविले. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्या चालींचे मानापमान १९११ मध्ये रंगभूमीवर आले; त्याच वर्षी भास्करबुवा बखले यांनी भारत गायन समाज स्थापन केला. शुक्रवार पेठेतील ही संस्था स्वारगेटपासून फार दूर नाही. भास्करबुवांच्या चालींचे स्वयंवर (१९१६) गंधर्व नाटक मंडळीने केले. बालगंधर्वांच्या साथीस ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे व सारंगीवर कादरबक्ष असत.

या वाद्याची तालीम बोटांपासून नव्हे, पायांपासून सुरू होते. दोन्ही पावट्या आलटूनपालटून, एक वर येत असतानाच दुसरी दाबून, अखंड चालवाव्या लागतात. नवशिक्याचे पाय नकळत तालावर पडू लागतात व प्रत्येक मात्रेला स्वर हेलकावतो. हा दोष जडला, की घालविणे कठीण. म्हणून प्रथम एकच षड्ज दीर्घकाळ, तबला चालू असतानाही, निष्कंप धरण्याचा सराव इष्ट ठरतो. खर्जातील मोठ्या पत्त्यांना हवा अधिक लागते आणि त्या किंचित उशिरा बोलतात, हेही कानाने ओळखावे लागते. गुडघ्याने सरकविण्याच्या दांडीने आवाज लहानमोठा करणे ही त्यापुढची पायरी होय.

हातपेटीवरून आलेल्या विद्यार्थ्याचा डावा हात भाता सुटल्यामुळे रिकामा राहतो. त्या हाताने खर्जाचा षड्ज किंवा पंचम धरता येतो. बोट उचलताच स्वर तुटतो, म्हणून अंगठा इतर बोटांखालून नेऊन सलग पलटे घोटावे लागतात. शिवाय एकाच नाटकातील नटांच्या पट्ट्या भिन्न असल्याने तोच अलंकार बाराही पट्ट्यांतून बसविणे आवश्यक असते.

खरी परीक्षा साथीची. गद्य संवाद संपता संपता नटाला त्याची पट्टी हळूच द्यावयाची, गायकाने घेतलेली जागा अर्धी ऐकूनच तिचा माग काढावयाचा, आणि तो श्वास घेईल तेवढी पोकळी भरावयाची, हे लिखित स्वरलिपीतून येत नाही. टेंबे यांचे हार्मोनियमवादनही मुख्यत्वे श्रवणातून घडले. पेटीवर मींड निघत नाही व तिचे समान अंतरांचे स्वर श्रुतींशी जुळत नाहीत, हा आक्षेप जुना आहे. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये अंशतः उठली. रंगभूमीने मात्र हा वाद मनावर घेतला नाही. भरल्या नाट्यगृहात ध्वनिवर्धकाविना गाणाऱ्या नटाला भक्कम आधारस्वर हवा होता, आणि तो ऑर्गन पुरवीत असे. गोविंदराव पटवर्धन (१९२५–९६) यांनी साथीची ही कला पुढील पिढीपर्यंत आणली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांतील या वाद्याची निर्मिती जवळजवळ थांबली. जुन्या वाद्यांची चामडी भाते फाटतात, पत्त्या बेसूर होतात. पत्ती टोकाशी खरवडली, की स्वर चढतो व मुळाशी खरवडली, की उतरतो. हे काम अचूक करणारे कारागीर थोडे आहेत. वाहून नेण्यास सोपा असा विजेवरचा की-बोर्ड अनेक प्रयोगांत वापरला जातो. त्यावर शिकलेल्या विद्यार्थ्याची बोटे तयार असतात. जुन्या ऑर्गनपुढे बसला, की त्याला पायांपासून पुन्हा आरंभ करावा लागतो.