शिशुवयातील स्वातंत्र्य व शिस्त

शिशुवयातील स्वातंत्र्य व शिस्त : सुमारे अडीच ते सहा वर्षे वयाच्या मुलांना किती मोकळीक द्यावी आणि त्यांच्या वागण्याला कोणती बंधने घालावीत, हा बालसंगोपनातील एक जुना प्रश्न होय. पाच वर्षे लाड, पुढील दहा वर्षे ताडन आणि सोळाव्या वर्षी मित्रत्व, असा क्रम सांगणारे संस्कृत सुभाषित आपल्याकडे दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. त्यातील लाड व ताडन ही दोन्ही मोठ्यांच्याच हाती आहेत. मुलाला स्वतः होऊन काही करावयाचे असते, याची दखल त्यात नाही. ती दखल घेणारा एक महत्त्वाचा प्रयोग इटलीत झाला आणि भावनगरमार्गे तो महाराष्ट्रात आला.

मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) या वैद्यकशास्त्राच्या पदवीधर विदुषीने ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले. त्याचा उगम स्वातंत्र्याच्या तत्त्वात नव्हता, ही गोष्ट सहसा विसरली जाते. आईबाप कामावर गेले, की मुले नुकत्याच दुरुस्त झालेल्या चाळींच्या भिंती व जिने खराब करीत. ते टाळण्यासाठी इमारतींच्या मालक संस्थेने ही सोय केली होती. आरंभी शैक्षणिक साधने कुलूपबंद कपाटात असत. एके दिवशी कपाट उघडे राहिले, शिक्षिकेला यावयास उशीर झाला आणि ती आली तेव्हा मुले आपापल्या पसंतीची साधने घेऊन कामात गढलेली होती. माँटेसरींनी यास चोरी न मानता निवड मानले व पुढे बुटकी, उघडी कपाटे करविली.

मात्र ही निवड अमर्याद नव्हती. प्रत्येक साधनाचा एकच संच ठेवलेला असे. तो दुसऱ्याच्या हाती असल्यास थांबावे लागे, आणि काम संपल्यावर तो जागच्या जागी ठेवावा लागे. अशा प्रकारे पुष्कळसे नियमन शिक्षिकेच्या तोंडी न राहता खोलीच्या मांडणीतच सामावले. सर्वांचे हित ही स्वातंत्र्याची सीमा असून दुसऱ्यास त्रास देणारे वर्तन तत्काळ थांबवावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्रास देणाऱ्या मुलास त्याची आवडती खेळणी देऊन, इतरांचे काम दिसेल अशा जागी एकटे बसविण्यात येई व आजाऱ्याप्रमाणे त्याची विशेष विचारपूस होई. हीदेखील शिक्षाच नव्हे काय, ही शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

पद्धतीवर टीकाही झाली. अमेरिकन शिक्षणतज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१४ मध्ये, ठराविक साधनांमुळे मुलाच्या कल्पकतेला पुरेसा वाव मिळत नाही, असा आक्षेप घेतला. मुसोलिनीच्या राजवटीने आधी या शाळांना आश्रय दिला. पण १९३४ मध्ये संबंध तुटले व शाळा बंद पडल्या.

भारतात गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी वकिली सोडून १९२० मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर काढले. त्यांनी मार व धाक यांबरोबरच बक्षिसेही वर्ज्य मानली. दोन्हींमुळे मूल दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून वागू लागते. माँटेसरींनी परीकथांना फारसे स्थान दिले नव्हते. गिजुभाईंनी गोष्टी, गाणी व नाटके यांना मुक्तद्वार ठेवले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी हे विचार मराठीत रुजविले आणि १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू केले.

ताराबाईंच्या कार्याचा कस लागला तो ग्रामीण भागात. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र निघाले. १९५७ मध्ये ते जवळच्या कोसबाड टेकडीवर गेले. अनुताई वाघ (१९१०–९२) आरंभापासून त्यांच्या सोबत होत्या. शहरातील मुलाला मोकळीक द्यावी लागे. वारली पाड्यावरील मुलाला हिंडण्याची मोकळीक उपजतच होती, पण धाकट्या भावंडाला सांभाळण्याची व गुरे राखण्याची बंधने त्याला पाच-सहा वर्षांचे असतानाच पडत. अशा मुलांना वेळेवर येण्याचा नियम लावणे म्हणजे त्यांना बाहेर ठेवणेच होय, हे ओळखून ताराबाईंनी शाळाच पाड्यातील अंगणात नेली. यातून ‘अंगणवाडी’ ही कल्पना साकारली. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली, तर परदेशी बनावटीच्या महागड्या साधनांऐवजी बिया, शंखशिंपले, खडे व पाने वापरात आली. नियम मात्र सुटले नाहीत. आंघोळ, नखे कापणे व केस विंचरणे यांनी दिवसाचा आरंभ होई, आणि यांतही मुलांना सक्तीपेक्षा पाण्याच्या खेळाचीच गोडी वाटे.

‘अंगणवाडी’ हे नाव २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत देशभर रूढ झाले. त्या मानाने मार बंद करण्याचा विचार कायद्यात उशिरा उतरला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली. तो ६ ते १४ वयोगटासाठी असल्याने त्याहून लहान मुले आणि घरातील मार हे दोन्ही त्याच्या कक्षेबाहेर राहिले.