मोटारसायकल कार्ब्युरेटरची दुरुस्ती

कार्ब्युरेटर हा पेट्रोल व हवा यांचे योग्य प्रमाणात मिश्रण करून ते इंजिनाला पुरवणारा यांत्रिक भाग आहे. सफाई, झिजलेले भाग बदलणे आणि मिश्रणाची जुळणी ही त्याच्या दुरुस्तीची तीन अंगे होत. साधी हत्यारे पुरत असल्याने हे काम अनेकदा घरीच केले जाते. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (राजगड) यांसारख्या विखुरलेल्या वस्त्यांच्या डोंगराळ तालुक्यांत त्याला विशेष व्यावहारिक महत्त्व आहे.

रचना व कार्य

कार्ब्युरेटरच्या मधल्या अरुंद नळीतून हवा वेगाने जाताना तेथील दाब घटतो आणि खालच्या फ्लोट बाऊलमधील पेट्रोल जेटमधून वर ओढले जाते. फ्लोट व त्याची निडल बाऊलमधील पेट्रोलची पातळी कायम राखतात. इंजिन मंद चालताना पायलट जेट, तर थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मेन जेट पेट्रोल पुरवतो. मधल्या टप्प्यात स्लाइडमधील जेट निडल प्रमाण ठरवते. पूर्ण ज्वलनासाठी एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते.

बिघाडाची लक्षणे

पायलट जेट तुंबल्यास गाडी आयडलिंगला बंद पडते. मेन जेट तुंबल्यास चढावर ओढ कमी होते व इंजिन मिसिंग करते. फ्लोटची निडल झिजली किंवा तिच्याखाली कचरा अडकला, तर ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल गळते. गाडी बराच काळ उभी राहिल्यास पेट्रोल उडून जाते व मागे चिकट थर उरतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते. पाणी जास्त झाल्यास ते इथेनॉलसह बाऊलच्या तळाशी साचते.

दुरुस्तीची पद्धत

हे काम उघड्या, हवेशीर जागी व थंड इंजिनावर केले जाते. पेट्रोलची वाफ सहज पेट घेत असल्याने जवळ चूल, दिवा किंवा विडी नसणे आवश्यक असते. पेट्रोल कॉक बंद करून बाऊल रिकामा करतात आणि कार्ब्युरेटर उतरवतात. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलकेच पूर्ण आत फिरवून फेरे मोजून ठेवले जातात, म्हणजे मूळ जुळणी परत साधता येते. जेट कार्ब्युरेटर क्लीनरने धुऊन हवेच्या झोताने मोकळे करतात. त्यांत तार घातल्यास भोक मोठे होऊन मिश्रण कायमचे बिघडू शकते. रबरी डायफ्रॅम असलेल्या प्रकारांत क्लीनर व हवेचा झोत वापरण्यापूर्वी तो काढून ठेवतात.

अंतिम जुळणी इंजिन गरम असताना होते. एअर फिल्टरच्या बाजूचा स्क्रू हवेचे नियमन करतो. तो आत फिरवल्यास मिश्रणात पेट्रोल वाढते. इंजिनाच्या बाजूचा स्क्रू आत फिरवल्यास ते घटते. स्पार्क प्लगवरील काळी काजळी जास्त पेट्रोलचे, तर पांढरट रंग कमी पेट्रोलचे लक्षण मानतात. पेट्रोल कमी पडलेले मिश्रण इंजिन अतितप्त करते.

भोर–वेल्हे परिसर

या तालुक्यांच्या पश्चिम भागात सह्याद्रीचा जोरदार पाऊस पडतो. त्यामुळे टाकीच्या झाकणातून पाणी शिरणे व एअर फिल्टर ओला होणे ही कारणे पावसाळ्यात तपासावी लागतात. महाडहून वरंधा घाटाने भोरकडे चढताना हवा विरळ होऊन मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण किंचित वाढते; मात्र एवढ्या उंचीसाठी सहसा जेट बदलावा लागत नाही. घाटात ओढ स्पष्टपणे कमी झाल्यास आधी तुंबलेला जेट व फिल्टर पाहिला जातो.

सद्यस्थिती

१ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ मानके लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींत इंधन इंजेक्शन प्रणाली आली. तिचे निदान अनेकदा स्कॅनर उपकरणावर अवलंबून असते. जुन्या गाड्या वापरात असेपर्यंत कार्ब्युरेटर दुरुस्तीचे कौशल्य उपयुक्त राहणार आहे.