प्रत्यक्षाची परीक्षा : सुरतेची मानवधर्मसभा

सुरत आणि मराठी माणूस यांचा संबंध सांगावयाचा झाला की आपण बहुधा १६६४ पासून आरंभ करतो. शिवाजी महाराजांच्या दोन स्वाऱ्या, नंतर गायकवाडांची चौथाई, आणि पुढे नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने येऊन तापीच्या दोन्ही तीरांवर स्थिरावलेली आपली घराणी, असा तो क्रम असतो. इच्छापोरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरी मुलांना सांगितला जातो तो इतिहासही हाच. त्यात एका मराठी शिक्षकाचे नाव मात्र क्वचितच येते. तलवारीच्या आणि वसुलीच्या कथांपेक्षा त्याची कथा लहान आहे. परंतु ‘आपण एखादी गोष्ट खरी कशावरून मानतो?’ हा प्रश्न तिच्या केंद्रस्थानी असल्यामुळे ती आज पुन्हा सांगण्याजोगी वाटते.

दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४-१८८२) आपल्याला माहीत असतात ते व्याकरणकार म्हणून. त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. १८४० नंतरच्या काही वर्षांत ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. त्याच काळी शहरातील गुजराती शाळेत दुर्गाराम मंछाराम हे नागर ब्राह्मण गृहस्थ शिकवीत असत. लोक त्यांना दुर्गाराम मेहताजी म्हणत. दोघेही शिक्षक, दोघेही वयाने तिशीच्या आसपासचे. २२ जून १८४४ रोजी या दोघांनी दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास यांच्यासह सुरतेत मानवधर्मसभा स्थापन केली. पाचही नावे ‘द’ने सुरू होतात, म्हणून गुजरातीत या मंडळींचा उल्लेख ‘पाच दद्दा’ असा होतो. ईश्वर एक, मनुष्यजात एक, आणि धर्माचा निर्णय विवेकाने करावा, ही सभेची भूमिका होती.

तत्त्वे अशी पुष्कळांनी सांगितली आहेत. मानवधर्मसभेचे वेगळेपण तिच्या एका कृतीत आहे. मंत्रतंत्राने भूत उतरविणाऱ्या, मूठ मारणाऱ्या, जादूचा दावा सांगणाऱ्या मंडळींना तिने जाहीर आव्हान दिले : तुमची विद्या खरी असेल तर ती आमच्यासमोर करून दाखवा.

या आव्हानाचे मर्म सहज लक्षात येत नाही. वरवर पाहता असे वाटते की मांत्रिकावर विश्वास ठेवणारा माणूस डोळे मिटून विश्वास ठेवतो आणि सुधारक त्याला डोळे उघडून पाहावयास सांगतो. वस्तुस्थिती तशी नसते. मांत्रिकाकडे जाणाऱ्या माणसाने पुष्कळ काही पाहिलेले असते. अंगारा लावल्यावर ताप उतरलेला त्याने पाहिलेला असतो. झपाटलेली सून मंत्राने शांत झालेली त्याने पाहिलेली असते. ‘मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले’ हे वाक्य त्याच्याच तोंडी अधिक येते. मांत्रिकाचा सगळा धंदाच लोकांच्या पाहण्यावर चालतो. तेव्हा ‘पाहा’ एवढे सांगून भागत नाही. कसे पाहावे, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या न्यायशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे सांगताना गौतमाने प्रत्यक्षाला पहिले स्थान दिले. परंतु ते ‘अव्यभिचारी’ असावे, म्हणजे धोका देणारे नसावे, अशी अटही घातली. भाष्यकार वात्स्यायनाने त्यासाठी मृगजळाचे उदाहरण घेतले आहे. मृगजळ डोळ्यांनाच दिसते. तरीही ते पाणी नव्हे. डोळा आणि ज्ञान यांच्या मध्ये परीक्षेची एक पायरी आहे, हे त्यांना ठाऊक होते.

ती पायरी सर्वांसाठी खुली करणे हे युरोपातील सतराव्या शतकाचे मोठे काम. १६६० मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या रॉयल सोसायटीने ‘कोणाच्याही शब्दावर विसंबू नये’ या आशयाचे ब्रीद घेतले. रॉबर्ट बॉइल हवेच्या पंपाचे प्रयोग साक्षीदारांसमोर करी. एकट्याने पाहिलेले आणि चारचौघांनी मिळून, तपासून पाहिलेले यांत त्या लोकांनी फरक केला. पुढे १९३४ मध्ये कार्ल पॉपर याने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : जो दावा कोणत्याही परिस्थितीत खोटा ठरूच शकत नाही, तो विज्ञानाचा दावा नव्हे. ताप उतरला तर मंत्राचा गुण, न उतरला तर रोग्याचे प्रारब्ध, अशी सोय असेल तर हजार वेळा पाहूनही काही कळत नाही.

सुरतेच्या त्या शिक्षकांनी पॉपर वाचलेला असणे शक्यच नव्हते. परंतु त्यांच्या आव्हानात हे सारे बीजरूपाने आहे. जागा मांत्रिकाची नव्हे, साक्षीदार त्याचे भक्त नव्हेत, आणि काय घडले नाही म्हणजे दावा फसला, हे आधीच ठरलेले. पाहण्याच्या अटी पाहण्यापूर्वी ठरविणे, ही त्यातली नवी गोष्ट. नोंदीचे महत्त्वही त्यांना उमगले होते. दुर्गाराम रोजनिशी लिहीत असत. तिचा जो भाग शिल्लक राहिला त्याच्या आधारे महीपतराम रूपराम नीलकंठ यांनी १८७९ मध्ये ‘दुर्गारामचरित्र’ प्रसिद्ध केले. ती नोंद नसती तर सभेची स्मृतीही पुसट झाली असती.

येथपर्यंतची कथा अभिमानाची आहे. पुढची तितकी नाही. मनुष्यजात एक, असे सभा म्हणत असे. जातिभेदावर तिने टीका केली, परंतु तो मोडण्यासाठी प्रत्यक्ष पाऊल उचलले नाही. मांत्रिकाला ‘करून दाखवा’ म्हणणाऱ्या मंडळींना आपले तत्त्व स्वतः करून दाखविणे जड गेले. त्यांच्यावर दोष ठेवणे सोपे आहे. जातीबाहेर पडलेल्या माणसाच्या घरी त्या काळी लग्न, मुंज, अंत्यविधी यांचे काय होई, हे आठवले म्हणजे जीभ थोडी आवरते. १८४६ मध्ये दादोबा मुंबईस गेले, १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटास गेले, आणि सभा संपली.

मुंबईत दादोबांच्या प्रेरणेने परमहंस सभा निघाली. तेथे पाऊल उचलले गेले, पण दाराआड. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. मात्र सगळे गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीस गेली, नावे फुटण्याची भीती पसरली आणि ती सभा मोडली. जे उघड्यावर दाखविता येत नाही ते टिकत नाही, हा मांत्रिकांना लावलेला नियम सुधारकांनाही लागू झाला.

दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी हा धडा घेतला असावा, असे मला वाटते. १८६७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाची दारे उघडी होती. पुढे १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ गृहस्थांत दोनच भारतीय होते : डॉ. सखाराम अर्जुन आणि हे डॉ. आत्माराम. पक्षी, साप, कीटक यांविषयी केलेली निरीक्षणे एकमेकांपुढे ठेवावयाची आणि नमुने दाखवावयाचे, यासाठी ही मंडळी दरमहा जमत. धर्मविचारापासून प्राणिशास्त्रापर्यंत एकाच घराण्यात ‘दाखवा आणि तपासू द्या’ ही वृत्ती चालत आली, हे लक्षणीय आहे.

ही लढाई संपलेली नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. गुजरात विधानसभेने असा कायदा २०२४ मध्ये, म्हणजे मानवधर्मसभेनंतर १८० वर्षांनी, संमत केला. कायदा अघोरी कृत्याला शिक्षा करू शकतो; कसे पाहावे हे शिकविणे मात्र शाळेचे आणि घराचेच काम राहते. ‘पाच दद्दां’पैकी निदान दोघे पेशाने शिक्षक होते, हे म्हणूनच विसरता येत नाही.

आपल्या घरात पुढच्या वेळी कोणी ‘मी स्वतः पाहिले’ असे सांगेल, तेव्हा त्यांना हसू नये. कोठे पाहिले, आणखी कोण होते, आणि काय झाले असते तर तुम्ही ते खोटे मानले असते, एवढे तीन प्रश्न आदराने विचारावेत. आणि मनुष्यजात एक, असे आपण सभेत म्हणतो तेव्हा हेच प्रश्न स्वतःलाही विचारावेत. दादोबा आणि दुर्गाराम यांनी यातले पहिले काम केले. दुसरे त्यांच्या हातून राहून गेले.