हिशेबाची भाषा : बंगळूरच्या दप्तराचा एक धडा

राज्यसंस्था ज्या भाषेत प्रजेशी बोलते आणि ज्या भाषेत ती स्वतःचा हिशेब लिहून ठेवते, त्या दोन भाषा एकच असतात असे नाही. या दोहोंतील अंतरावरून प्रजेला राज्यात कोणते स्थान होते याचा पुष्कळसा अंदाज बांधता येतो. भाषिक अस्मितेच्या वादात हे अंतर सहसा दुर्लक्षित राहते. ज्या नगरात मराठी ही आधी राज्यकर्त्यांची, मग कारकुनांची आणि शेवटी अल्पसंख्याकांची भाषा झाली, त्या बंगळूरचा इतिहास या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे.

1638 साली रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांनी केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर घेतले, आणि आदिलशाहीच्या वतीने शहाजींचा अंमल तेथे सुरू झाला. त्यांच्या दरबारातील जयराम पिंड्ये या कवीचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य वि. का. राजवाडे यांनी 1922 साली प्रसिद्ध केले. त्यातून अनेक भाषांच्या कवींनी गजबजलेली एक सभा डोळ्यांसमोर उभी राहते. दरबाराला बहुभाषिकता हे भूषण वाटत होते. परंतु दरबारात भाषा शोभेसाठी येते, तर शासनात ती बंधन म्हणून यावी लागते.

असे बंधन शहाजींचे पुत्र एकोजी यांच्या एका शिलालेखात आढळते. मल्लेश्वरम् येथील काडु मल्लेश्वर देवालयाला 1669 साली एकोजींनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिले. देणारा मराठा होता. शिलेवरची भाषा मात्र कन्नड आहे. कारण उघड आहे. दानाचा लेख दात्यासाठी कोरला जात नाही. उद्या ते दान कोणी मोडू पाहिले तर त्याला अडवता यावे म्हणून तो भोवतालच्या लोकांसाठी कोरला जातो. लोकांना वाचता येईल अशा भाषेत दिलेला शब्द राज्यकर्त्यालाच बांधतो. उत्तरदायित्व हा शब्द प्रचारात येण्याच्या कितीतरी आधीची ही त्याची व्यवहारातली ओळख होय.

दप्तराची गोष्ट वेगळी होती. 1687 साली मोगलांनी बंगळूर घेतले आणि लवकरच ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या हाती गेले. मराठी अंमल संपला, पण मराठी लेखणी संपली नाही. हिशेबात मुरलेल्या लोकांची गरज प्रत्येक राजवटीला असते. टिपू सुलतानाने फारसीला प्राधान्य दिले. तरीही म्हैसूरच्या कारभारात कन्नडबरोबर मराठी टिकून राहिली. राज्यकर्ता मराठी नाही आणि रयतही बहुतांशी मराठी नाही, अशा राज्यात मराठीने वावरावे, ही स्थिती मराठी वाचकाला सुखावणारी वाटेल. रयतेच्या बाजूने पाहिले की तिचा अर्थ पालटतो. आपल्या नावावर काय चढले आणि काय वजा झाले हे ज्याला वाचता येत नाही, त्याला तक्रारही कोणाच्या तरी मध्यस्थीनेच करावी लागते.

ठराविक वसुलीची हमी अमीलदाराकडून घेण्याच्या पद्धतीमुळे म्हैसूरची रयत पिळून निघाली होती. 1830 साली नगर प्रांतात उठाव झाला आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्याचा कारभार हाती घेतला. त्या उठावाचे कारण भाषा होती असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मूळ दुखणे वसुलीचे होते. तथापि 1834 ते 1861 या काळात कमिशनर असलेल्या मार्क कबनने घडी बसवताना कारभाराची भाषा मराठीऐवजी कन्नड केली, हे अर्थपूर्ण आहे. या बदलात कन्नडविषयीच्या प्रेमापेक्षा प्रशासकीय सोयच अधिक असणार. पण परक्या सत्तेने सोयीसाठी का होईना जे केले, ते रयतेच्या हिताचे होते. मराठीची पीछेहाट म्हणून या घटनेची नोंद करणे म्हणजे इतिहास कारकुनाच्या बैठकीवरून लिहिणे होय.

पुढे 1881 साली दिवाण रंगाचार्लू यांनी म्हैसूरची प्रातिनिधिक सभा भरवली. 144 सभासदांच्या या सभेला आरंभी मतदानाचा अधिकार नव्हता. तरीही जमाखर्च लोकांपुढे मांडण्याची प्रथा तिच्यातून रुजली. शब्दांचा प्रवासही येथे बोलका ठरतो. ‘जमाबंदी’ हा शब्द एकेकाळी रयतेकडून सरकारचे येणे ठरवण्यासाठी होता. आज कर्नाटकातील ग्रामपंचायतींच्या वार्षिक हिशेबाची लोकांसमक्ष तपासणी होते, तिलाही ‘जमाबंदी’च म्हणतात. शब्द तोच राहिला. हिशेब मागणारा आणि देणारा यांनी जागा बदलल्या. लोकशाहीची याहून नेमकी व्याख्या कोशात सापडणे कठीण.

या इतिहासाचा उपयोग गतवैभवाची उजळणी करण्यासाठी नाही. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर बेळगाव, निपाणी, खानापूरचा मराठी भाषक त्याच बंगळूरच्या कारभाराखाली आला. 1963 च्या अधिनियमाने कन्नड राजभाषा झाली, ते न्याय्यच होते. परंतु सातबाराच्या तोडीचा कागद समजून घेण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याची पाळी आता या मराठी शेतकऱ्यावर आली. जत आणि अक्कलकोटच्या कन्नड शेतकऱ्याला मुंबईच्या कारभारात तोच अनुभव येतो. जेथे एखाद्या भाषेचे लोक पंधरा-वीस टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, असे केंद्र सरकारच्या 1956 च्या निवेदनानेच सुचवले आहे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यानेही माहिती प्रसृत करताना स्थानिक भाषेचा विचार व्हावा असे म्हटले आहे. सीमाप्रश्नाचा निकाल कोणताही लागो, या सूचनांच्या अंमलबजावणीसाठी त्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

स्वभाषा असली म्हणजे सर्व साधते, असेही नाही. महाराष्ट्रात शासकीय परिभाषेच्या ‘पदनाम कोशा’ला आचार्य अत्रे यांनी ‘बदनाम कोश’ म्हटले. त्या थट्टेमागे हीच व्यथा होती : शब्द मराठी, पण मराठी माणसाला अनाकलनीय. दुर्बोध मराठी आणि परकी भाषा यांत नागरिकाच्या दृष्टीने फारसा भेद उरत नाही.

म्हणून राजभाषेचा प्रश्न हा मुळात भाषेच्या सन्मानाचा नसून नागरिकाच्या अधिकाराचा आहे. कोणती भाषा सिंहासनावर बसली यापेक्षा चावडीवरचा कागद कोणाला वाचता येतो, हे विचारणे अधिक अगत्याचे आहे. मल्लेश्वरम् येथील शिलेवर मराठा राज्यकर्त्याने आपला शब्द कन्नडात कोरून ठेवला. तेवढे शहाणपण बंगळूर आणि मुंबई या दोन्ही राजधान्यांनी एकमेकींच्या भाषकांबाबत दाखवले, तर सीमेच्या दोन्ही बाजूंच्या रयतेला आपला हिशेब आपल्या डोळ्यांनी वाचता येईल.