हो-नाहींचा हिशेब

पुण्याहून पौडकडे निघालेला रस्ता पिरंगुट ओलांडून कासार आंबोलीवरून पुढें मुळशीच्या धरणाकडे जातो. ह्या वाटेवर विजेच्या इतिहासांतील एक कटु प्रकरण घडलें. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटा कंपनीनें मुळा व निळा ह्या नद्यांच्या संगमाजवळ भिंत घालण्यास घेतली, तेव्हां १९२१ सालीं सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे ह्यांच्या पुढारीपणाखालीं मावळ्यांनीं सत्याग्रह मांडला. तो १९२४ पर्यंत चालला. शेवटीं भिंत उभी राहिली, भाताचीं खाचरें पाण्याखालीं गेलीं, आणि १९२७ पासून तें पाणी सह्याद्रीखालीं भिरा येथें उतरून वीज निर्माण करूं लागलें. जमिनीचा मोबदला रुपयांत मांडतां आला; गांव मोडल्याची किंमत मात्र कोणत्याच वहींत चढली नाहीं.

विजेची काटकसर हा म्हणूनच निव्वळ कारखानदाराच्या नफ्याचा प्रश्न नव्हे. गणकयंत्रांच्या इतिहासांतहि तो आरंभापासून आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं टिफ्रॅक हें यंत्र चालूं झालें. त्यांत सुमारें २,७०० व्हॉल्व्ह होते. गणित असो वा नसो, ते तापवीत ठेवावे लागत. पुढें ट्रान्झिस्टर आला आणि तो ताप गेला. पुण्यांत १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं परम ८००० हा महागणक सिद्ध केला. २०१३ सालीं परम युवा-२ लोकांपुढें आला तेव्हां वेगाच्या आंकड्याबरोबर, तो पूर्वीच्या यंत्राहून सुमारें ३५ टक्के कमी वीज घेतो, हेंहि आवर्जून सांगण्यांत आलें.

ट्रान्झिस्टरच्या यंत्राची रीत पाणक्यासारखी आहे. 'हो' म्हणावयाचें तर विद्युद्भाराची घागर भरावयाची, 'नाहीं' म्हणावयाचें तर ती मोरींत ओतून द्यावयाची. घागर कितीहि लहान केली तरी एका सेकंदांत ती कोट्यवधि वेळां भरावी व ओतावी लागते. शिवाय घागरी झिरपतात तें निराळेंच. वस्तुतः निसर्गाचें मागणें फारच थोडें आहे. एक हो-नाहीं पुसून टाकण्यास कमींत कमी किती ऊर्जा खर्ची पडावी, हें रॉल्फ लँडॉवर ह्यांनीं १९६१ सालीं दाखवून दिलें. एका ज्यूलचे १ वर २१ शून्यें इतके भाग केले, तर नेहमींच्या उष्णतामानांत त्यांपैकीं अवघे तीन भाग पुरे होतात. आपलीं यंत्रें ह्याच्या हजारों पट खर्च करतात.

भार वाहून न नेतां नुसता निरोप पुढें जाईल काय? ह्या प्रश्नाचें एक उत्तर १९९३ सालीं अमेरिकेंतील नोत्र दाम विद्यापीठाच्या क्रेग लेंट, डग्लस टोगॉ, वुल्फगांग पोरोड व गॅरी बर्नस्टाइन ह्यांनीं मांडलें. क्वांटम-डॉट सेल्युलर ऑटोमॅटा असें त्याचें लांबलचक नांव आहे. कल्पना मात्र सोपी आहे. चौसोपी वाड्याच्या चार कोपऱ्यांत चार खोल्या आणि राहणारे हाडवैरी भाऊबंद दोनच, असें समजावें. ते सदैव समोरासमोरचे दूरचे कोपरे धरतील, आणि असे कोपरे धरण्याच्या रीती दोनच. वाडा म्हणजे पेशी, खोल्या म्हणजे क्वांटम बिंदु, भाऊबंद म्हणजे दोन विद्युत्कण. एका रीतीला 'हो' म्हणावें, दुसरीला 'नाहीं'. एका पेशींतील कण कोपरे बदलतात तेव्हां त्यांच्या तिटकाऱ्यानें शेजारच्या पेशींतील कणहि तसेच फिरतात. निरोप ओळीच्या टोंकाला पोंचतो. कण आपापल्या वाड्यांतच राहतात.

हिशेबाचें काम पंचायतीसारखें चालतें. मधल्या पेशीच्या तीन बाजूंस तीन पंच. बहुमत होईल तो निकाल चौथ्या बाजूनें बाहेर पडतो. एका पंचाला कायमचें 'नाहीं' म्हणावयास लाविलें तर 'हो' ठरण्यास उरलेल्या दोघांचें एकमत लागतें. त्यालाच कायमचें 'हो' म्हणावयास लाविलें तर दोघांपैकीं एकाचा होकार पुरतो. 'आणि' व 'किंवा' हे तर्काचे दोन्ही व्यवहार असे पांच पेशींत उरकतात. सगळ्या ओळींनीं योग्य क्रमानें चालावें म्हणून त्यांना बाहेरून चार टप्प्यांचा ताल द्यावा लागतो.

१९९७ सालीं त्याच विद्यापीठांत अशी पेशी प्रत्यक्ष चालली, १९९९ सालीं पंचायतहि चालली. परंतु दोन्ही वेळां ॲल्युमिनियमचे कण केवलशून्याच्या अगदीं निकट गारठवावे लागले, आणि गारठा फुकट मिळत नाहीं. २००० सालीं केंब्रिज येथें विद्युत्कणांच्या जागीं सूक्ष्म लोहचुंबक योजून हाच खेळ खोलींतील उष्णतामानांत करून दाखविण्यांत आला. २०१८ सालीं कॅनडांतील अल्बर्टा विद्यापीठांत सिलिकॉनच्या पृष्ठावर अणूएवढ्या बिंदूंचें 'किंवा' द्वार मांडलें गेलें. तथापि १९९३ नंतर तीस वर्षें उलटलीं तरी ह्या पद्धतीचें गणकयंत्र बाजारांत आलेलें नाहीं.

दरम्यान कॅनडांतच तयार झालेल्या क्यूसीए-डिझायनर ह्या साधनामुळें हें शास्त्र भारतांतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या हातीं आलें. ते पडद्यावर बेरजेचीं मंडलें आंखतात आणि पेशी किती वांचल्या, जागा किती वांचली, हें मोजतात. हा अभ्यास उत्तम आहे, परंतु तें निम्में उत्तर होय. ताल देणाऱ्या तारांनीं किती वीज घेतली, गारठा राखण्यास किती लागली, एक पेशी वांकडी बसल्यास निकाल टिकतो कीं नाहीं, हें उरलेलें निम्में. तें न मांडतां 'अल्प विजेचें यंत्र' असें म्हणणें म्हणजे बुडालेलीं गांवें वगळून धरणाचा ताळेबंद मांडण्यासारखें होय. मुळशीची वही १९२७ सालींच बंद झाली. ह्या यंत्राची अजून उघडी आहे, आणि तींत सर्व रकमा चढविण्यास अवधि आहे.