आवेग व रेषीय संवेग

वस्तूचे वस्तुमान आणि तिचा वेग यांचा गुणाकार म्हणजे रेषीय संवेग. बल आणि ते जितका वेळ लागू राहते तो काळ यांचा गुणाकार म्हणजे आवेग. वस्तूवरील एकूण बलाचा आवेग तिच्या संवेगात झालेल्या बदलाइतकाच असतो. दोन्ही सदिश राशी आहेत आणि न्यूटन-सेकंद हे दोघांचेही एकक. बोली व्यवहारात ‘आवेग’ भावनेचा असतो, त्यामुळे वेग, संवेग, आवेग या तीन शब्दांत विद्यार्थी हमखास अडखळतो. न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’त (१६८७) संवेगाला ‘गतीचे परिमाण’ म्हटले आणि दुसरा नियम याच राशीतील बदलाच्या रूपात मांडला. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण हे रूप पुढे रूढ झाले.

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा तालुक्यांत भात कापून झाले की खळ्यावर झोडणी चालते. आवेगाचे याहून चांगले उदाहरण प्रयोगशाळेतही सापडणे कठीण. पेंढी डोक्यावरून फिरवून फळीवर किंवा दगडावर आपटली की काडी थांबते. दाणा मात्र त्याच वेगाने पुढे निघालेला असतो. त्याला थांबवायचा आवेग त्याच्या बारीक देठाने द्यायचा असतो, आणि वेळ अत्यल्प असल्याने बल मोठे लागते. दाण्याचे वस्तुमान ०.०२५ ग्रॅम, वेग सेकंदाला ८ मीटर आणि थांबण्याचा काळ सेकंदाचा हजारावा भाग धरला, तर हे बल दाण्याच्या वजनाच्या सुमारे ८०० पट भरते. वाळलेला देठ जिथे हे बल पेलू शकत नाही तिथे तुटतो आणि दाणा सुटतो. तीच पेंढी पेंढ्याच्या ढिगावर आपटली तर संवेगातील बदल तेवढाच होईल, पण काळ वाढल्याने बल घटेल व दाणे काडीलाच राहतील. कठीण फळी निवडणाऱ्या हाताला हे गणित न मांडताच ठाऊक असते. उखळातल्या मुसळाचेही असेच: हात ते उचलून संवेग देतात, भाताचा थर तो क्षणार्धात काढून घेतो.

पावसाचा थेंब हलका वाटतो. ४ मिलिमीटर व्यासाचा थेंब ०.०३३ ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने जमिनीवर येतो. आपल्या व्यासाइतके अंतर कापायला लागणाऱ्या वेळात तो थांबला असे मानले, तर त्याचे सरासरी बल त्याच्या वजनाच्या सुमारे २,००० पट होते. डोंगरउतारावरची उघडी माती अशा असंख्य ठोक्यांनी सुटते आणि ओहोळात जाते. गवताचे पाते किंवा पालापाचोळा लवतो, थांबण्याचा काळ लांबवतो आणि ठोका मातीपर्यंत पोचू देत नाही. उतारावरचे गवत राखायला एवढे कारण पुरे आहे.

संवेगाला दिशा असते, हे विसरल्याने पुष्कळ उत्तरे चुकतात. घाटरस्त्याचे उलट फिरणारे वळण घ्या. १०,००० किलोग्रॅमची एसटी सेकंदाला ५ मीटर वेगाने ते पार करते तेव्हा वेगमापकाचा काटा हलत नाही, पण दिशा पूर्ण उलटल्याने संवेग १,००,००० न्यूटन-सेकंदांनी बदलतो. हा आवेग रस्ता चाकांना घर्षणातून देतो. ओल्या डांबरावर घर्षण कमी पडते, म्हणून वळणाआधीच वेग उतरवावा लागतो.

बाहेरून निव्वळ बल नसेल तर वस्तुसमूहाचा एकूण संवेग कायम राहतो. यालाच संवेग अक्षय्यतेचा नियम म्हणतात. धनुष्य-बाणाने तो सहज समजतो. ३० ग्रॅमचा बाण सेकंदाला ४० मीटर वेगाने दोरीला टांगलेल्या भोपळ्यात रुतला, आणि दोघांचे मिळून वस्तुमान १.२ किलोग्रॅम असेल, तर भोपळा सेकंदाला १ मीटर वेगाने मागे झुलू लागेल. संवेग तेवढाच राहिला. गतिज ऊर्जा मात्र २४ जूलवरून ०.६ जूलवर आली. उरलेली गर फाडण्यात आणि उष्णतेत गेली.